हिवराखालची हरळी

मडकं मी फोडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नूरचाचांच्या घरी ही गोष्ट निघाली की तिची सुरुवात याच वाक्यानं होते आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच म्हटलेलं बरं.

खरं तर फोडण्यासारखं त्या माळावर दुसरं काही नव्हतंच. चिखली गावाच्या वरच्या अंगाला गावाचं कुरण होतं. नाव चिखली, म्हणून मी गमबूट घेऊन गेलो होतो. वर सगळा खडक. त्या कुरणात झाड म्हणावं असं एकच, हिवराचं. हिवराखाली तीन दगड, तीन दगडांवर एक मडकं. बाकी नजर जाईल तिथपर्यंत गवत. पंचावन्न सालच्या ऑक्टोबरात एका सकाळी मी त्या हिवराकडे पाठ करून उभा राहिलो, डोळे मिटले आणि हातातली लाकडी चौकट खांद्यावरून मागे भिरकावली. मागून 'फच्च' असा आवाज आला. गवतातून असा आवाज येत नाही, एवढं वनस्पतिशास्त्र मला नक्की येत होतं.

हिवराच्या बुंध्यापलीकडून एक पांढरी दाढी हळूच वर आली.

"लागली का?"

"काय चाचा?"

"तुमची फेक. नेम धरला हुता न्हवं?"

"नाही हो. डोळे मिटून फेकली."

"डोळं मिटून?" त्यांनी खापऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग उघडं ठिऊन काय केलं असतं?"

डोळे मिटून चौकटी फेकणं हा माझा छंद नव्हता, ती माझी नोकरी होती. बी.एस्सी. होऊन दीड वर्ष घरी बसल्यावर पुण्यातल्या एका कचेरीनं मला सहा महिन्यांच्या बोलीवर 'गवत मोजणी साहाय्यक' म्हणून घेतलं होतं. चार पट्ट्या ठोकून केलेली एक चौकट, एक नोंदवही आणि एक सूचनापत्रक, एवढी सामग्री. चौकट फेकायची, पडेल तिथे तिच्या आत कोणतं गवत किती आहे ते मोजायचं, लिहायचं, पुन्हा फेकायची. न बघता फेकायची, कारण बघून फेकली तर माणूस सोयीच्या जागी फेकतो, असं सूचनापत्रकात म्हटलं होतं. ते लिहिणाऱ्याला माणसांची बरी पारख असावी. मी बघून फेकत असतो तर चारशेच्या चारशे फेकी हिवराच्या सावलीत पडल्या असत्या.

कशासाठी हा खटाटोप? तर त्या वर्षांत उघडा माळ दिसला की तिथे झाडं लावायची, असं वरच्या लोकांच्या मनानं घेतलं होतं. आधी मोजणी, मग एक छापील तक्ता. तक्त्यात तीन रकाने: वन, शेत, पडीक. पडीक ठरली की त्या जमिनीत उन्हाळ्यात खड्डे आणि पावसाळ्यात झाडं. चिखलीचा माळ कोणत्या रकान्यात जातो ते माझ्या वहीवर ठरणार होतं. माझ्या आयुष्यात माझ्या वहीवर काही ठरण्याची ती पहिलीच वेळ होती आणि पहिल्याच दिवशी मी राखणदाराचं पाणी सांडलं होतं.

"विहीर कुठे आहे?" मी विचारलं.

"खाली. गावापाशी. मैलभर." चाचांनी रॉकेलचा एक जुना डबा पुढे केला. "जाताना उतार हाय, बरं वाटंल. येताना कळंल."

येताना कळलं. डबा हिंदकळत होता, गमबुटात पाय शिजत होते आणि मोज्यांत कुसळं शिरली होती. कुसळी या गवताबद्दल मी परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. तिच्या बियाला टोकदार शेपूट असतं, ओल लागली की ते स्क्रूसारखं फिरतं आणि बी आपोआप जमिनीत शिरतं, वगैरे. जमीन नसेल तर ते मोज्यात शिरतं आणि घामाची ओल त्याला पुरते, हे मात्र पुस्तकात नव्हतं. वर पोचलो तेव्हा डबा निम्मा उरला होता. चाचांनी त्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "वाटंवरचं गवत खूश झालं असंल."

नूरमोहम्मद हे त्यांचं पूर्ण नाव. साठी ओलांडलेली. गुडघ्याच्या खाली संपणारा पायजमा, अंगात बंडी, डोक्याला फडका. बापाच्या मागून कुरणाची राखण त्यांच्याकडे आली त्याला तीस वर्षं झाली होती. राखण म्हणजे गाव गवत कापेपर्यंत कोणाची गुरं आत येऊ द्यायची नाहीत. ऐकायला सोपं. "ह्या कुरणाला कवाड येक आन वाटा हजार," चाचा म्हणत. सकाळी गाईला हाकला, दुपारी शेळीला हाकला, संध्याकाळी त्या शेळीच्या मालकिणीच्या शिव्या ऐका. तीस वर्षं ते हेच करत आले होते आणि आता हाकलताना त्यांचा आवाज शेळीपर्यंत पोचायचा, पण शेळीला पटायचा नाही.

या राखणीबद्दल गाव त्यांना एक गोष्ट देत असे: कुरणाच्या खालच्या कडेला, ओढ्याकाठी, मारवेल गवताची एक लांबट पट्टी होती, ती त्यांनी कापून न्यायची. त्यावर त्यांची बायको रोशनबी एक म्हैस पाळून होती आणि म्हशीचं दूध पिंपरी कॅम्पातल्या एका मिठाईवाल्याकडे जात होतं. मुलगा शफी पिंपरीच्या नव्या कंपनीत लागला होता. तो आठवड्याच्या सुट्टीला येई आणि जाताना प्रत्येक वेळी म्हणे, "अब्बा, सोडा आता माळ." चाचा म्हणत, "तुझी शिफ्ट सुटली की तू सुटतो. माझी सुटली की शेळ्या सुटत्यात." हे दोघंही बरोबरच बोलत होते, त्यामुळे वाद पुढे सरकत नसे.

चाचांची एक तऱ्हा मला पहिल्याच दिवशी दिसली. त्यांच्याकडे चपला होत्या, पण त्या हातात असत. काटेरी कवाडाशी आले की चपला काढायच्या, काखेत मारायच्या आणि अनवाणी आत शिरायचं. मला वाटलं, ही श्रद्धा असेल. विचारलं तर म्हणाले, "चपलंनं काय कळतं? पाय घातला की खाली काय हाय ते पायाला कळतं. खाली काय हाय ते कळलं की वर काय उगवंल ते कळतं." त्यांचे तळवे मी पाहिले. कुसळ त्यांत शिरायला जायचं आणि स्वतःच वाकायचं.

फेकलेल्या चौकटीमागे हिंडून मी दोन दिवसांतच दमलो. तिसऱ्या दिवशी चाचाच म्हणाले, "चला. तुमाला माळ दावतो. बघून."

आम्ही ओढ्यापासून निघालो. काठाला पाय चटकन गार पडावा अशी ओल होती आणि तिथे लव्हाळा दाटला होता. दहा पावलं वर आलो, लव्हाळा संपला. इथे माती काळी, खोल, पण पाणी उभं न राहणारी, आणि तिच्यावर ती मारवेलाची पट्टी. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर असताना ती अजून हिरवी होती, वाकून लवलवत होती. "म्हस ह्याला नाव ठेवीत न्हाई," चाचा म्हणाले आणि तिथे टेकले. दर पन्नास पावलांनी ते टेकत. "बसतो वाईच," असं म्हणून बसत आणि उठताना काहीच म्हणत नसत. उठायला लागणारा सगळा दम उठण्यातच जाई.

त्याच्या वर पवन्या. माती आता तांबूस, हातभरही नाही. तरी पवन्या बरा होता, बैल आवडीनं खातात. आणखी वर गेलो तसा मुरूम पायाला लागला, म्हणजे चाचांच्या पायाला. माझ्या गमबुटाला सगळं जग सारखंच होतं. तिथून माथ्यापर्यंत कुसळी. "हितं दुसरं कोण राहील?" चाचा म्हणाले. "पाऊस पडला की घटकेत वाहून जातो. वितभर माती, खाली खडक. कुसळीच राहते. तिला दुसरीकडं कोण इचारीत न्हाई, ह्या खडकाला दुसरं कोण इचारीत न्हाई. जमतं त्यांचं."

मधेच एका पट्ट्यात सगळं गवत बुटकं आणि त्यात पिवळ्या फुलांचा तरवड. ही चोरवाट, गुरं आत शिरायची. गुरं गोड गवत खाऊन टाकतात, तरवडाला तोंड लावत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षं तरवडच उरतो. "माझ्या डोळ्याला डोळा लागला की काय हुतं, ते हितं लिवून ठेवलंय," चाचा म्हणाले. पलीकडे एक ठिगळ निव्वळ कुसळीचं होतं, पवन्याच्या मधोमध. तीन वर्षांमागं तिथं कुणाच्या विडीनं पेट घेतला होता. बाकीचं गवत मुळासकट गेलं, कुसळीचं बी मात्र आधीच जमिनीत शिरून बसलेलं होतं. मी वही काढून लिहून घेऊ लागलो. परीक्षेतलं दहा मार्कांचं उत्तर इतक्या दिवसांनी उपयोगी पडत होतं, तेही उत्तरपत्रिका हातातून गेल्यावर.

"झाडं का नाहीत पण? तिकडे मावळात तर जंगलच जंगल," मी म्हणालो.

"खंडाळ्याला गेल्तो मी येकदा. तिथं आभाळ रोज रिकामं हुतं. झाडावर झाड. गवत हुडकून आणावं लागतं. पाऊस सगळा तिकडंच खर्च करतो आन हिकडं येताना नुसता हात झाडीत येतो." ते पुन्हा टेकले. "हितं झाडाला प्यायला न्हाई. गवताला चार महिनं पुरतं, मग गवत झोपतं. झाडाला झोपता येत न्हाई."

मी विचारलं, "आणि हा हिवर?"

"ह्यो खडकाच्या भेगेत हाय. त्याला नशीब घावलं. तशी भेग माळावर दुसरी न्हाई, मी पायानं बघितली."

हिवराखाली परत आलो तेव्हा त्यांनी ती दाखवली. जिथे मडकं असायचं त्या तीन दगडांच्या मधे, परातीएवढ्या गोल जागेत, हरळी होती. मऊ, गर्द हिरवी, आत दोन बोटं खुपसली तर ओली लागावी अशी. आणि तिच्या चारी बाजूंनी वाळकी कुसळी. मडकं रात्रंदिवस झिरपायचं. थेंब थेंब तिथे पडायचा. फुटलं की त्याच जागी नवं मडकं यायचं. तीस वर्षं असं चाललं होतं. "ही माझी बाग," चाचा म्हणाले आणि त्या हरळीवर एक पाय ठेवून, डोळे मिटून, जरा वेळ उभे राहिले. दिवसभरात तेवढा एक विसावा त्यांच्या तळव्यांना होता.

माझ्या मनाला फारच लागलं. दुसऱ्या दिवशी सायकल काढली, पिंपरी कॅम्पातल्या भांड्याच्या दुकानात गेलो आणि एक पितळी कळशी घेतली. चांगली जाड, झाकणासकट, फुटायची सोय नसलेली. ती आधी चाचांच्या घरी नेऊन दाखवली. रोशनबींनी ती दोन्ही हातांत धरली, उलटी केली, नखानं वाजवली.

"भाऊसाहेब, ही माळावर न्यायाची?"

"हो. चाचांच्या पाण्यासाठी."

"माळावर बघतंय कोण हिला? शेळ्या?"

पण मी समोर उभा होतो, म्हणून कळशी माळावर गेली. तीन दगडांवर बसली, उन्हात झळकली. चाचांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर उपकार केल्याचा जो काय उजेड असेल तो त्यांना दिसला असावा. ते एवढंच म्हणाले, "लई भारी हाय." नंतर ते पाणी प्याले आणि त्यांनी ओठ पुसले.

महिनाभर मी चौकटी फेकत होतो. एव्हाना 'पडीक' हा शब्द चाचांच्या कानावर गेला होता. मीच सांगितला होता. तक्ता वाचून दाखवताना तीन रकाने सांगितले तेव्हा त्यांनी विचारलं, "आन कुरण?"

"कुरण असा रकाना नाही."

"न्हाई म्हंजी? तुमी उभं कुठं हाय?"

"कुरणात."

"मग कागदाला सांगा की."

"जिथे पीक नाही आणि झाड नाही, ते पडीक. असं आहे ते."

चाचांनी माळाकडे हात केला. मग म्हणाले, "पडीक! तीस वर्सं मी हितं उभा हाय, ह्यो कदी पडला न्हाई. पडलोय मी." आणि ते कवाडाकडे निघाले, कारण कोणाची तरी शेळी आत आली होती.

चारशे चौकटी पुऱ्या झाल्या. सूचनापत्रकाप्रमाणे मी त्यांची सरासरी काढली. तिच्यावरून असं निघालं की चिखलीच्या माळावर प्रत्येक हातभर जागेत बरीच कुसळी, थोडा पवन्या, चिमूटभर मारवेल आणि कणभर लव्हाळा उगवतो. असं गवत त्या माळावर कुठेच नव्हतं. लग्नाच्या पंगतीतली सगळी पानं एका पातेल्यात उलटून कालवावीत आणि वर 'जेवण बेताचं होतं' असा शेरा मारावा, तसं ते झालं होतं. मी तीन रकाने सोडून समासात 'कुरण' असं लिहिलं, खाली चाचांनी दाखवलेले पट्टे काढून दिले आणि तक्ता पाठवला. आठ दिवसांनी तो परत आला. 'कुरण' या शब्दावर तांबड्या पेन्सिलीची फुली होती आणि खाली आमच्या नानासाहेबांच्या अक्षरात शेरा: 'रकान्यात नाही ते लिहू नये. समक्ष पाहतो.'

नानासाहेब माझे वरिष्ठ. पेन्शनीला दोन वर्षं उरलेली, दम्याची तक्रार, आणि तांबडी पेन्सिल कानावर. वाईट माणूस नव्हता. त्यांच्या टेबलावर अशा माळांचे तक्ते इतके साठले होते की प्रत्येक माळावर विश्वास ठेवायला त्यांच्यात दम उरला नव्हता. नोव्हेंबर संपता संपता ते आले. जीप गावात सोडून चढ चढले आणि हिवराखाली येऊन बसले. तोपर्यंत वरचं निम्मं गवत कापून झालं होतं. पेंढ्या जागोजाग पडल्या होत्या. ओढ्याकाठची चाचांची मारवेलाची पट्टी मात्र अजून उभी होती, कारण ती सगळ्यांत उशिरा पिकते.

"आधी पाणी द्या," नानासाहेब म्हणाले.

चाचांनी कळशीतून पेला भरून दिला. नानासाहेबांनी एक घोट घेतला आणि पेला लांब धरला. "हे पाणी आहे की काढा?"

"ह्या साहेबांची भेट हाय," चाचा म्हणाले.

मला आत्ता कुठे कळलं. पितळ उन्हात तापतं. दीड महिना तो माणूस गरम पाणी पीत होता आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प होता.

"अन् साहेब, हे बगा," चाचा खाली बसले. दगडांच्या मधली जागा त्यांनी बोटानं दाखवली. तिथे हरळी नव्हती. पिवळट, पायाखाली चुरा व्हावा असं काहीतरी गोल उरलं होतं. "हितं हरळी हुती. तीस वर्सं. मडकं झिरपायचं, ती प्यायची. कळशी झिरपत न्हाई. दीड महिन्यात हे झालं. परातीयेवढ्या जाग्याला येक मडकं लागतं. तुमी माळभर झाडं लावणार. त्यास्नी कोण पाजणार? माझ्याच्यानं हुणार न्हाई."

नानासाहेबांनी काठीनं तो गोल उकरून पाहिला. मग माझ्याकडे वळले. "खड्डा घेऊन पाहिलात?"

"सात ठिकाणी साहेब. वितभर माती, मग पहार वाजते."

नानासाहेब काठीवर हनुवटी टेकून बसले. दम खात होते की विचार करत होते, सांगता येत नाही. दोन्हींना ते सारखाच वेळ घेत. वरच्या माळाकडे बघून त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. चाचा उभे होते. त्यांच्या काखेतल्या चपला जरा सरकल्या होत्या, त्यांनी त्या सावरल्या नाहीत.

"कबूल," नानासाहेब अखेर म्हणाले. "वर झाड जगणार नाही. पण मला दोन हजार झाडांचा आकडा आला आहे. ती कुठेतरी लावल्याशिवाय माझी सुटका नाही. या सबंध माळावर खोल मातीची एकही जागा नाही?"

चाचा आपल्या पायांकडे बघत होते.

"आहे की साहेब!" मी म्हणालो. दीड महिना हिंडून मिळवलेली विद्या आत मावत नव्हती. "ओढ्याकाठी. कमरेइतकी काळी माती आहे, खाली ओल आहे, पाणी साचून राहत नाही. मी स्वतः मोजली. ती बघा, ते हिरवं दिसतंय ना? ते मारवेल आहे. मारवेल उगवलं म्हणजेच..."

या वेळी मागून काही फुटल्याचा आवाज आला नाही.

नानासाहेब उठून खाली ओढ्यापर्यंत गेले. काठी मातीत खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. खूश होऊन परत आले. तक्ता मांडीवर घेऊन त्यांनी 'पडीक' या रकान्यात खूण केली, कारण खूण कुठेतरी करणं भागच होतं, आणि शेऱ्यात लिहिलं: 'वरील माळ यंदा आहे तसा ठेवावा. झाडे ओढ्याकाठच्या पट्टीत लावावीत.' मग माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं काम केलंत." आणि दम टाकत उतारानं निघून गेले.

जीपचा आवाज गावापलीकडे विरेपर्यंत आम्ही दोघं हिवराखाली बसून होतो. खाली रोशनबी विळा घेऊन मारवेलाच्या पट्टीत शिरताना दिसत होत्या. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. वाकून त्यांनी पहिली मूठ कापली, वास घेतला आणि पेंढी बांधायला लागल्या. गावाचं कुरण वाचलं होतं, आणि ते ज्यांनी वाचवलं त्यांचा त्यातला वाटा पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच होता. नंतर तिथे खड्डे, कुंपण, झाडं. आणि झाडांची सावली दाटली की खाली मारवेल राहत नाही, हेही मला माहीत होतं. पुस्तकातच होतं.

मी चाचांकडे बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते नुसते दमलेले दिसत होते, रोजच्यासारखे. त्यांनी उठून वाळक्या हरळीच्या गोलावर पाय ठेवून पाहिला आणि पुन्हा बाजूला घेतला.

"चाचा," मी म्हणालो, "मी न बघता बोललो. चूक झाली. आता तुम्हीच सांगा. अर्ज लिहू? गावात बोलू? नानासाहेबांच्या पाया पडू? तुमच्यासाठी मी काय करू?"

चाचांनी चपला जमिनीवर टाकल्या, त्यांत पाय घातले आणि म्हणाले, "झिरपतंय असं मडकं आणा."